मामाची मांडी

"नऊ किलो दोनशे," दुकानदार म्हणाला आणि शेंगांची पोती मोजायच्या काट्यावरून समूला उचलून त्यानं माझ्याकडं दिलं. समूला मजा वाटली होती. तो पुन्हा काट्याकडं झेप घेत होता.

आक्का पायरीवरच उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. "लेकराचं वजन करत्यात व्हय कुटं? बाजारला काढायचंय का त्याला?" म्हणत त्यांनी समूच्या तोंडावरून हात ओवाळला आणि कानशिलाशी बोटं मोडली. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी कडाकडा वाजली. म्हणजे दृष्ट लागलेलीच होती, आणि ती माझ्यामुळं, असं त्यांनी दुकानदारालाही सांगितलं.

समू म्हणजे समरजित, माझ्या बहिणीचा मुलगा. तेव्हा अकरा महिन्यांचा होता. उर्मिलाला तो लग्नानंतर सात वर्षांनी झाला होता. आक्का तिच्या सासूबाई. त्यांचं नाव हौसाबाई, पण इस्लामपूरजवळच्या त्या गावात सगळे त्यांना आक्का म्हणायचे आणि घरात सूनही आक्काच म्हणायची. मी सांगलीहून गेलो होतो, जावळाचं ठरवायला. वजन मला हवं होतं ते गाडीतल्या सीटसाठी. लहान मुलांच्या सीटा वयावर नाही, वजनावर आणि उंचीवर घ्यायच्या असतात, आणि लसीच्या कार्डावरचं वजन तीन महिने जुनं होतं.

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेली गाडी बघायची, फोटो काढायचे, काय मोडलं आणि कशानं मोडलं ते लिहायचं. माणसांशी माझा संबंध येत नाही, मी पोचेपर्यंत माणसं हलवलेली असतात. पण गाडी सगळं सांगते. काचेला तडा बाहेरच्या दगडानं गेला की आतल्या डोक्यानं, हे मला चार हातांवरून कळतं. मोठ्या माणसाच्या डोक्याचा तडा वर असतो. लहान मुलाची खूण खाली असते, डॅशबोर्डजवळ. तोवर मी अशा चार बघितल्या होत्या. म्हणून जावळाला मामानं सोन्याची बाळी नाही, सीट द्यायची असं मी ठरवून टाकलं होतं. मी ठरवलं की ठरवलं, असा तेव्हा माझा स्वभाव होता.

त्या दुपारी जेवताना पुन्हा विषय निघाला. त्या घरची एक रीत होती. ताटं वाढून झाली तरी वाढणारीनं 'जेवा' म्हटल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नसे. उर्मिलाच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथं जेवायला बसलो आणि भाकरी मोडली, तेव्हा आक्का हसून म्हणाल्या होत्या, "पाव्हणं, दम धरा. अजून कुणी जेवा म्हटलं न्हाई." तेव्हापासून उर्मिला माझं ताट वाढलं की मुद्दाम पाण्याचा तांब्या शोधत बसायची, मला ताटकळत ठेवायची आणि मग गालातल्या गालात म्हणायची, "जेव, दादा."

"त्या शिटात करायचं काय लेकराला?" आक्कांनी विचारलं.

"बसवायचं. पट्टे लावायचे. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांच्या मधून."

"म्हंजी बांधायचं."

"बांधायचं."

"शशिकांत, जित्या माणसाला बांधत न्हाईत. बांधत्यात ते मेल्यावर, तिरडीला."

दाजी, म्हणजे धैर्यशील, उर्मिलाचे यजमान, ताटात बघून हसू दाबत होते. "आक्कांचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "मी तर ह्याला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून कारखान्यापर्यंत नेतो."

"ते आधी बंद करा."

"झालं. आता माझा नंबर."

मी ऐकणारा नव्हतो. मी त्यांना हिशेब सांगितला. गाडी पन्नासच्या वेगात असताना धडकली, तर नऊ किलोचं लेकरू त्या क्षणाला अडीचशे किलोचं होतं. पैलवान असला तरी त्याच्या हातात राहत नाही. मांडीवरचं मूल म्हणजे कुणी न धरलेलं मूल. हे वाक्य मी वर्कशॉपमधल्या लोकांनाही ऐकवायचो. मला ते आवडायचं.

आक्कांनी शांतपणे ताक प्यायलं. "लेकरू कधी जड झालंय व्हय कुणाला," त्या म्हणाल्या.

"राहू द्या आक्का," उर्मिला म्हणाली. "दादा रोज बघतो ते. तो सांगतोय ना, मग घालू या सीट." तिनं असं म्हटलं की विषय तिथंच संपायचा. आमचे वडील ती शाळेत असताना गेले, आई तिच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तिला माहेर म्हणजे मीच. पाणी कुठल्या कंपनीच्या फिल्टरचं प्यायचं इथपासून ती मला विचारून करायची.

सीट घ्यायला मी आणि दाजी त्यांची गाडी घेऊन कोल्हापूरला गेलो. विक्रेत्यानं आधी दाखवली ती अस्वलाच्या कानांची. मग दाखवली ती झोपाळ्यासारखी हलणारी. मी म्हणालो, मला चाचणीचं लेबल दाखव. त्याला ते शोधावं लागलं. एका सीटला लेबलच नव्हतं, नुसता पट्टा शिवलेला होता, जसा शाळेच्या दप्तराला शिवतात. तिसरी मला पटली. रंग राखाडी, दिसायला काही नाही. मूल तिच्यात पाठमोरं बसतं, तोंड मागच्या काचेकडं, म्हणजे धक्का बसला तर मान झटकत नाही, सगळी पाठ तो धक्का घेते. मी ती गाडीत लावून बघितली, मागच्या बाकावर मधोमध. पायानं रेटून बघितली. हलली नाही.

"बकलचं बटण फार कडक आहे साहेब," विक्रेता म्हणाला. तो ते दोन्ही अंगठ्यांनी दाबत होता. "लेडीज लोक तक्रार करतात."

"कडकच पाहिजे. सहज निघू नये म्हणूनच तर असतं ते," मी म्हणालो आणि एका अंगठ्यानं दाबून उघडून दाखवलं. दाजी म्हणाले, "मानलं."

माघातल्या एका रविवारी आम्ही पालीला खंडोबाला निघालो. समूला सीटमध्ये बसवलं आणि आक्कांनी गाडीच्या दारातच पाय रोवला.

"देवाला चाललोय आन लेकरू पाठमोरं?"

"आक्का, उशीर होतोय," दाजी म्हणाले.

"होऊ दे. देवाकडं पाठ करून न्यायचं न्हाई माझ्या नातवाला."

तेव्हा मला एक सुचलं आणि ते सुचल्याचा मला फार आनंद झाला. मी म्हणालो, "आक्का, येताना काय होईल ते बघा. देवदर्शन करून येताना आपण सगळे देवाला पाठ करून येणार. समू एकटा देवाकडं तोंड करून येणार. घर येईपर्यंत बघत राहणार देवाकडं."

आक्का विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "हे मातर खरं हाय," आणि गाडीत बसल्या. उर्मिलानं पुढच्या सीटवरून वळून माझ्याकडं बघितलं. कशी जिंकलीस बाजी, असं तिच्या डोळ्यांत होतं.

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मी देवळाबाहेरच्या पारावर मांडी घालून बसलो, उर्मिलानं समूला माझ्या मांडीवर ठेवलं आणि न्हाव्यानं केस भिजवले. दुसऱ्या पाटावरचं पोर किंचाळत होतं. समू रडलाच नाही. वस्तऱ्याचा आवाज ऐकत तो माझ्या शर्टाची गुंडी धरून बसला. केस आक्कांच्या पदरात पडत होते. झाल्यावर त्याच्या गुळगुळीत डोक्याला भंडारा फासला आणि त्यानं ते पिवळं डोकं माझ्या छातीवर टेकवलं. तसंच ठेवलं. माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, पुढंही झालं नाही. मूल असं आपणहून टेकतं आणि जड होत जातं, हे मला माहीत नव्हतं. न्हाव्यानं दोनदा सांगेपर्यंत मी उठलो नाही.

परतताना पेठ नाक्याला हायवे सोडला तेव्हा साडेचार वाजले होते. ऊन अजून होतं. तिथून घर पंधरा मिनिटांवर. उर्मिलाला गाडी लागायची, म्हणून ती पुढं बसली होती आणि गोळी घेतल्यानं पेंगत होती. मागं एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आक्का, मध्ये समू.

"दादा, तू आहेस ना मागं?" उर्मिला म्हणाली. "मी जरा डोळे मिटते."

"मीट. आहे मी."

समू रडायला लागला होता. डोकं सोललं गेलं होतं, भंडारा झोंबत असणार. खुळखुळा दिला, तो त्यानं फेकला. बाटली दिली, ती ढकलली. थोड्या वेळानं तो गप्प झाला.

"झोपला का?" दाजींनी समोर बघतच विचारलं.

"हं," मी म्हणालो.

पुढच्या वळणावर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शेतातल्या वाटेनं एकदम वर, रस्त्यावर आला. दाजींनी ब्रेक दाबला. आमचा वेग पन्नासही नव्हता. गाडी घसरत जाऊन मागच्या ट्रॉलीवर आदळली आणि थांबली. मी फायलींमध्ये अशा धडकेला 'मध्यम' लिहितो. माझ्या खांद्यापासून कमरेपर्यंत बेल्टचा वळ उठला. दाजींचा गुडघा फुटला. उर्मिलाला खरचटलंसुद्धा नाही, ती फक्त जागी झाली. आक्कांचं उजवं मनगट मोडलं.

समू पुढच्या दोन सीटांच्या मधून जाऊन डॅशबोर्डखाली पडला होता.

इस्लामपूरच्या दवाखान्यात डॉक्टर आतून बाहेर आले आणि त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. उर्मिला बाकावर बसली होती. तिच्या हातात समूची टोपी होती. मग ती एकदम उठली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आक्कांकडं.

"तो सीटमध्ये होता," ती म्हणाली. "मी स्वतः पट्टे लावले होते. त्याला कुणी काढलं?"

माझं तोंड उघडलं होतं.

"म्या काढलं," आक्का म्हणाल्या. मोडलेलं मनगट त्यांनी दुसऱ्या हातात धरलं होतं. "शशिकांतचा डोळा लागला हुता. लेकरू रडाय लागलं, म्हणून म्या घेतलं मांडीवर. माज्या हातात न्हाई ऱ्हायलं."

उर्मिला त्यांच्याकडं बघत राहिली. "दादा इतकं सांगत होता," ती म्हणाली. "इतकं सांगत होता तो तुम्हांला." मग ती माझ्या अंगावर येऊन कोसळली, जिथं सकाळी समूनं डोकं टेकवलं होतं तिथंच, भंडाऱ्याच्या डागावर, आणि माझा शर्ट धरून रडायला लागली.

आक्का खोटं बोलल्या होत्या. आणि मीही वर सांगताना एक गोष्ट गाळली आहे. माझ्या रिपोर्टात मी असं काही गाळत नाही.

माझा डोळा लागला नव्हता. समू रडत होता आणि माझ्याकडं हात करत होता. मी बकलवर अंगठा ठेवला, तेव्हा आक्कांनी माझा हात धरला होता.

"नगं काढू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, उर्मिला जागी होऊ नये म्हणून. "देवाकडं बघत निघालंय त्ये. घरापतूर जाऊ दे तसंच. आलंच की घर."

"आक्का, आज मामाची मांडी त्याची," मी म्हणालो. "आजच्या दिवस."

"तूच म्हणाला हुतास बांधायचं."

"पंधरा मिनिटांचं तर राहिलंय."

आणि मी बटण दाबलं, एका अंगठ्यानं. तो माझ्याकडं आला, माझी गुंडी धरली आणि गप्प झाला. त्याच्या डोक्याला भंडाऱ्याचा, हळदीचा वास येत होता. मी स्वतःचा बेल्ट लावलेला होता. माझ्या फायलींतल्या चारपैकी तीन गाड्या घरापासून दहा किलोमीटरच्या आत ठोकलेल्या होत्या, हेही मला माहीत होतं. मला सगळंच माहीत होतं. तो माझ्या हातातून गेला तेव्हा मला ओढ जाणवली, पण ती एवढी झटक्यात संपली की हातांनी घट्ट धरायचं ठरवेपर्यंत हात रिकामे होते. त्याला पकडायला आक्कांनी हात टाकला होता. त्यांचं मनगट त्यात मोडलं.

एवढ्या लहान लेकराला तिरडी नसते. त्याला कुणी बांधत नाही. हातांवर नेतात आणि ओढ्याकाठी पुरतात. दाजींनी नेलं. ते लंगडत होते, म्हणून मी वाटेत हात पुढं केला आणि त्यांनी समूला माझ्याकडं दिलं. काट्यावरून घेतला होता तेवढाच तो होता. नऊ किलो दोनशे.

तिसऱ्या दिवशी परसात आक्का एकट्या बसलेल्या मला सापडल्या. हात गळ्यात बांधलेला होता.

"मी उर्मीला सांगतो," मी म्हणालो. "मला हे होणार नाही."

"काय सांगतूस?"

"तुम्ही नको म्हणत होता. मी काढलं."

"मग?" त्या म्हणाल्या. "लेकरू येतंय का माघारी?"

मी आत जायला वळलो, तर त्यांनी चांगल्या हातानं माझी बाही धरली.

"नीट ऐक. तिला आई न्हाई, बाप न्हाई. माह्यार म्हंजी तू. सासूवर राग धरंल, तर धरू दे. सासूवर राग धरून बायका जगत्यात, म्या बी जगले. भावावर धरला तर ही पोर जाईल कुटं?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही, रडल्याही नाहीत. "मी जित्ती हाय तवर त्वांड उघडायचं न्हाई. समूची आण हाय तुला. मी मेल्यावर मग तुजं तू बघ."

मी आण घेतली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी त्या बाईच्या पाया पडलो, आणि पडतानाही माझ्या मनात हेच होतं की सुटलो.

गाडीची पाहणी करायला आमच्यातलाच एक सर्व्हेअर आला होता, देशपांडे. मी आदल्या दिवशी यार्डात जाऊन ती बघून आलो होतो. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला पिवळा डाग होता. मागची सीट जागची हलली नव्हती. पट्ट्यांना ताण आलेला नव्हता, एक टाका उसवला नव्हता. मी निवडलेली सीट चांगलीच होती.

देशपांडेचा फोन आला. "शशिकांत, वाईट वाटतं विचारायला. सीटचं बकल तुटलेलं नाही. उघडलेलं आहे."

"माहीत आहे."

"कुणी?"

"बहिणीच्या सासूनं," मी म्हणालो. तोवर मी फक्त गप्प बसलो होतो. माझ्या तोंडानं तेव्हा पहिल्यांदा बोललो.

"फार कडक आहे रे ते बटण," तो एवढंच म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पुढची अकरा वर्षं उर्मिला आक्कांशी बोलली नाही. भांडली नाही, घर सोडलं नाही, त्यांचं औषधपाणी चुकवलं नाही. फक्त बोलली नाही. दोन वेळा त्यांचं ताट वाढायची, त्यांच्यापुढं ठेवायची आणि वळायची. जेवा म्हणायची नाही. मी अनेकदा ते बघितलं. आक्का ताटापुढं हात मांडीवर ठेवून थोडा वेळ बसायच्या. चुलीकडं, पुढं गॅसकडं, तिच्या पाठीकडं बघायच्या. मग स्वतःशीच मान हलवून घास मोडायच्या. भाकरी तोवर गार झालेली असायची. एकदा दाजींनीच न राहवून "जेव आक्का" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तू वाढलंस का? मग गप बस."

उर्मिलाला पुढं मुलगी झाली. तिला तिनं आक्कांच्या मांडीवर कधी दिलं नाही. तिचं जावळ माझ्याच मांडीवर काढलं. आक्का त्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांपाशी, लांब बसल्या होत्या. दर भाऊबीजेला मी जायचो, पाटावर बसायचो, उर्मिला ओवाळायची, मग ताट वाढून तांब्या शोधायला लागायची आणि म्हणायची, "जेव, दादा." मी जेवायचो. दारातून आक्का आत बघत असायच्या. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कधी काही वाईट दिसलं नाही. दिसलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या कार्तिकात आक्का गेल्या. झोपेतच गेल्या. तिरडी बांधताना एक दोर माझ्या हातात आला. तो ओढताना मला वाटलं, आक्का आता म्हणतील, जित्या माणसाला बांधत न्हाईत. उर्मिलानं सगळं रीतसर केलं. तोंडात पाणी घातलं, कुंकू नव्हतं म्हणून बुक्का लावला. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

तेराव्याला पाहुणे जेवून गेले, दाजी मांडववाल्याबरोबर बाहेर गेले आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघंच उरलो. उर्मिला भांडी आवरत होती. मी उंबऱ्यावर बसलो होतो.

"उर्मी," मी म्हणालो, "समूला आक्कांनी काढलं नव्हतं. मी काढलं होतं. आक्का नको म्हणत होत्या."

तिचा हात थांबला. मी सगळं सांगितलं. देवाकडं तोंड, पंधरा मिनिटं, परसातली आण. माझा आवाज नीट होता, रिपोर्ट वाचून दाखवावा तसा. मी थांबलो तेव्हा ती भिंतीकडं बघत होती.

"ते बटण मला दोन्ही अंगठ्यांनी दाबायला लागायचं," ती म्हणाली. "आक्कांना तर डब्याचं झाकण उघडायचं नाही. मी उघडून द्यायचे." मग म्हणाली, "मला माहीत असायला पाहिजे होतं. मी विचारच केला नाही. मला तुझ्यावर संशय घ्यायचाच नव्हता."

"उर्मी..."

"अकरा वर्षं मी त्यांना ताट वाढलं, दादा."

ती उठली. फळीवरून आक्कांचं पितळेचं ताट काढलं, विसळलं, पदरानं पुसलं. भात, आमटी, गव्हाची खीर, पुरी, सगळं पुन्हा नव्यानं वाढलं. ताट नेऊन आक्का बसायच्या त्या जागी, भिंतीला टेकून ठेवलेल्या पाटापुढं ठेवलं. खाली बसली. हात जोडले नाहीत, ताटावरची माशी फक्त हातानं हाकलली.

"जेवा, आक्का," ती म्हणाली. "जेवा. गार होईल." आणि मग ती रडायला लागली.

मी तिथंच होतो. दिवेलागण झाली होती. ती उठली, तोंड धुतलं, दिवा लावला. मग तिनं एक ताट घेतलं, त्यात भात वाढला, आमटी घातली, खिरीची वाटी ठेवली. ताट आणून माझ्यापुढं ठेवलं. पाण्याचा तांब्या शेजारीच होता, तो तिनं माझ्या हाताशी सरकवला.

मग ती वळली आणि भांडी आवरायला लागली.

मी हात मांडीवर ठेवून ताटापुढं बसून राहिलो.